टाकाऊ साहित्यातून कला : कसब आणि कारभार

हस्तकला म्हटली की पैठणीचा पदर, कोल्हापुरी वहाण, सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे अशा परिचित वस्तू आपल्या डोळ्यांपुढे येतात. या वस्तूंचे साहित्य ठरलेले आहे, त्या घडविणाऱ्यांची घराणी ठाऊक आहेत आणि शासनदरबारी त्यांची नोंदही आहे. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत आपल्या देशात हस्तकलेचा आणखी एक प्रवाह वाहू लागला आहे. फुटक्या बांगड्या, सायकलींचे मोडके सांगाडे, शिंप्याच्या दुकानातील चिंध्या, काडेपेटीतील काड्या, तांदळाचे पीठ अशा साहित्यातून काही हातांनी अशी निर्मिती केली की तिची दखल जगाला घ्यावी लागली. या निर्मितीला ठरलेले नाव नाही. ती कोणत्याही एका जातीची वा गावाची मिरासदारी नाही. त्यामुळेच शासनाच्या यादीत तिला कोठे बसवावे हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रवाहातील तीन उदाहरणांचा परिचय करून द्यावयाचा आहे. एक चंदीगडचे, दुसरे मध्य प्रदेशात सुरू होऊन पुण्यात स्थिरावलेले आणि तिसरे आपल्या डहाणू-तलासरी भागातले. तिन्ही उदाहरणांत कलेचा आरंभ एखाद्या व्यक्तीच्या किंवा समाजाच्या दृष्टीतून झाला. परंतु ती टिकली किंवा खुंटली ती शाळा, पंचायत व कार्यालये यांनी तिच्याशी कसा व्यवहार केला यावरून. म्हणूनच हा विषय केवळ रसिकांचा नाही. अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनीही तो अभ्यासावा असा आहे.

साहित्य नवे, रीत जुनी

अनपेक्षित साहित्यातून कला घडविण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मिरजेची सतार आणि तानपुरा यांचेच उदाहरण घ्या. या वाद्यांचा घुमणारा भाग म्हणजे वाळलेला भोपळा. पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारा हा मोठा भोपळा खाण्याच्या कामी येत नाही. मात्र तो वाळला की त्याची साल हलकी, पातळ आणि टणक होते व नादाला धरून ठेवते. एकोणिसाव्या शतकात मिरजेतील शिकलगार, म्हणजे शस्त्रे घडविणारे व त्यांना धार लावणारे कारागीर, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर या भोपळ्याकडे वळले आणि त्यांतून वाद्यनिर्मितीची परंपरा उभी राहिली. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सावंतवाडीच्या गंजिफांचीही हकीकत अशीच. खेळाचे हे गोल पत्ते तयार करताना चिंचोक्याची खळ व लाख यांचा उपयोग केला जाई. चिंच खाऊन फेकून दिलेला चिंचोका येथे चित्रकाराचा सहायक झाला. विसाव्या शतकात ही कला लोप पावण्याच्या बेतात असताना १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात तिचे काम पुन्हा सुरू केले.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कारागिराने साहित्याचा स्वभाव ओळखला. भोपळा वाळल्यावर कसा वागतो, चिंचोक्याची खळ दमट हवेत किती टिकते हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. पुष्कळ वेळा हाताळून, चुकून आणि पुन्हा करून ते मिळाले आहे. एखादी वस्तू टाकाऊ की उपयोगी, हे ठरविण्याचे काम हे ज्ञान करते. पुढील तिन्ही उदाहरणांकडे याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

चंदीगडचे रॉक गार्डन

फाळणीनंतर पंजाबची राजधानी म्हणून चंदीगड हे नवे शहर वसविण्यात आले. फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी त्याची आखणी केली. सरळ रस्ते, आखीव विभाग आणि काँक्रीटच्या भव्य इमारती हे त्याचे वैशिष्ट्य. हे शहर उभारण्यासाठी तेथील अनेक जुनी गावे उठविण्यात आली. पाडलेल्या घरांच्या विटा, कौले, फुटकी भांडी, चुली, बांगड्यांचे तुकडे यांचे ढीग साचले. या शहराच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नेकचंद सैनी नावाचे एक रस्ते निरीक्षक होते. त्यांचा जन्म १९२४ चा. त्यांचे गाव फाळणीत पाकिस्तानात गेले आणि ते निर्वासित म्हणून भारतात आले.

१९५७-५८ च्या सुमारास नेकचंद यांनी सुखना तलावाजवळील एका ओढ्याकाठच्या झाडीत थोडी जागा साफ केली. कामाची वेळ संपली की ते सायकलवरून दगड व मोडक्या वस्तू तेथे नेऊन टाकू लागले. पहिली काही वर्षे त्यांनी केवळ संग्रह केला. पुढे त्या संग्रहातून माणसांच्या, पशुपक्ष्यांच्या आकृती आकारास येऊ लागल्या. ही जागा शासकीय होती व तेथे बांधकामास मनाई होती. त्यामुळे सारे काम गुप्तपणे, बहुधा संध्याकाळी व रात्री चाले. असा क्रम पंधरा वर्षांहून अधिक काळ चालू होता.

या आकृती कशा घडल्या हे समजून घेणे उद्बोधक आहे. सायकलीचा सांगाडा, लोखंडी सळ्या किंवा नळ्या वाकवून आधी आकृतीचा अस्थिपंजर तयार करावयाचा. त्यावर वाळू-सिमेंटचा गिलावा चढवावयाचा. शेवटचा थर ओला असतानाच त्यात बांगड्यांचे तुकडे, चिनी मातीच्या बशांचे कपचे किंवा भट्टीतील खंगर बसवावयाचे. बांगडीच्या तुकड्यांनी सजलेली स्त्रियांची रांग लांबून नऊवार लुगडे नेसल्यासारखी चमकते. विजेच्या जोडणीतील निकामी चिनी मातीचे भाग हजारोंच्या संख्येने एकावर एक रचून भिंती उभ्या केल्या. डांबराच्या रिकाम्या पिंपांचीही भिंत झाली. यात कोठेही एखादीच वस्तू शोभेपुरती चिकटविलेली नाही. एकाच प्रकारची टाकाऊ वस्तू मोठ्या संख्येने व शिस्तीने मांडली की तिचे रूप पालटते, हे नेकचंद यांनी ओळखले होते. म्हणूनच त्यांना आधी वर्षानुवर्षे साठा करावा लागला.

प्रशासनापुढील पेच

१९७५ च्या सुमारास हे काम प्रशासनाच्या नजरेस आले. तोवर त्याचा विस्तार बारा एकरांच्या आसपास झाला होता. आता प्रशासनापुढे मोठा पेच पडला. नियमाच्या भाषेत हे सरळ अतिक्रमण होते. शासनाच्याच एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने शासकीय जागेत परवानगीवाचून बांधकाम केले होते. शहराच्या आराखड्यात त्याला स्थान नव्हते. ते पाडून टाकण्याचा आदेश निघाला असता तर त्या आदेशात नियमाच्या दृष्टीने काहीही चूक काढता आली नसती.

तसे झाले नाही. नागरिकांनी ते काम पाहिले व त्याच्या बाजूने मत दिले. प्रशासनातील जाणत्या अधिकाऱ्यांनीही त्याचे मोल ओळखले. १९७६ मध्ये हे उद्यान सर्वांसाठी खुले करण्यात आले. नेकचंद यांना रॉक गार्डनचे उपविभागीय अभियंता असे पद देण्यात आले, वेतन देण्यात आले आणि मदतीला पन्नास मजूर देण्यात आले. शहरात टाकाऊ वस्तू गोळा करण्याची केंद्रेही उघडण्यात आली. १९८३ मध्ये भारतीय टपाल खात्याने या उद्यानाचे तिकीट काढले. १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. पुढे हे उद्यान चाळीस एकरांपर्यंत वाढले. २०१५ मध्ये नेकचंद यांचे निधन झाले.

येथे नमूद करण्याजोगी गोष्ट अशी की प्रशासनाने नियम मोडला नाही. जे काम नियमाबाहेर होते त्याला त्याने नियमाच्या आत जागा करून दिली. पद निर्माण केले, मनुष्यबळ दिले, साहित्याच्या पुरवठ्याची सोय लावली. नुसते कौतुकाचे पत्र देऊन विषय संपविला असता तर देखभालीअभावी ते काम थोड्याच वर्षांत ढासळले असते.

परंतु एकदा मान्यता मिळाली म्हणजे कायमचे संरक्षण मिळाले असे होत नाही. १९९६ मध्ये नेकचंद परदेश दौऱ्यावर असताना उद्यानाचे कर्मचारी काढून घेण्यात आले आणि त्या काळात तेथील अनेक आकृतींची मोडतोड झाली. मार्च २०२५ मध्ये शेजारच्या उच्च न्यायालयाच्या परिसरातील रस्त्याच्या व वाहनतळाच्या कामासाठी उद्यानाच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला व त्याविरुद्ध नागरिकांनी निषेध नोंदविला. वाहनतळाची गरज खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. पण अशा कामाला चौरस मीटरच्या हिशेबात बसवले की ते नेहमीच हरते. कारण त्याची किंमत जागेत नसते आणि साहित्यातही नसते. मोजण्याच्या कोष्टकात जी गोष्ट येत नाही तिची नोंद अधिकाऱ्याने टिपणीत शब्दांनी करावी लागते.

काडी, नळी आणि भूमिती

दुसरे उदाहरण शाळेचे आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी ग्रामीण शाळांतील विज्ञानशिक्षण प्रयोगांवर आधारण्याचा कार्यक्रम सुरू केला. महागडी उपकरणे खेड्यात मिळणे शक्य नव्हते. म्हणून आठवड्याच्या बाजारात जे मिळेल त्यातून उपकरणे तयार करावयाची असे ठरले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत नेण्यात आला. त्याच वर्षी अरविंद गुप्ता हे तरुण अभियंते पुण्यातील मोटार कारखान्यातून रजा घेऊन तेथे गेले.

गावच्या बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये वापरतात ती बारीक रबरी नळी दिसली. या नळीचा लहानसा तुकडा कापून त्याच्या दोन टोकांत काडेपेटीतील दोन काड्या खोचल्या की वळणारा सांधा तयार होतो. असे तीन सांधे व तीन काड्या जोडल्या की त्रिकोण होतो. चार जोडल्या की चौकोन. मुलाने चौकोनाला बोटाने दाबले की तो कलतो, त्याचा समभुज चौकोन होतो. त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. लोखंडी पुलाच्या कैच्या आणि घराच्या छपराची आढी त्रिकोणात का बांधतात हे त्या मुलाला फळ्यावरील आकृतीवाचून समजते. पुढे याच काड्यांतून घन, पिरॅमिड व घराचे सांगाडे उभे राहतात. एका मुलामागे येणारा खर्च नगण्य असतो.

काड्या व नळीच्या या खेळण्यांवरील त्यांचे पुस्तक पुढे अनेक भाषांत निघाले. २००३ पासून सुमारे अकरा वर्षे अरविंद गुप्ता पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करीत होते. कागदी पेले, पेयाच्या नळ्या, जुनी वर्तमानपत्रे, झाकणे, निकामी पेनची नळकांडी यांतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो खेळणी घडविली व ती करण्याच्या कृती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. होशंगाबादचा मूळ कार्यक्रम मात्र राज्य शासनाच्या निर्णयाने २००२ मध्ये बंद झाला. तीस वर्षांत अनेक शाळांत रुजलेली पद्धत शिक्षणयंत्रणेतून अशा रीतीने बाहेर पडली, तरी तिच्यातून निघालेली खेळणी देशभर गेली. एखादा प्रयोग थांबविताना त्यातील कोणता भाग राखून ठेवावयाचा याचाही विचार आधी व्हावयास हवा, हा यातून घ्यावयाचा धडा.

आपल्या शाळांतही कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' हा उपक्रम असतो. त्याचे आजचे स्वरूप पाहिले तर मन थोडे खट्टू होते. अनेक ठिकाणी त्या एका दिवसासाठी पालक दुकानातून चमकी, रंगीत कागद आणि नवे प्लॅस्टिक विकत आणतात. तयार झालेली वस्तू प्रदर्शनानंतर कचऱ्यात जाते. म्हणजे टिकाऊतून टाकाऊ घडते. याचे कारण उपक्रमात वस्तू आधी ठरते आणि साहित्य मागाहून शोधले जाते. अरविंद गुप्ता यांची रीत उलट होती. साहित्य हाती घ्यावयाचे, ते वाकवून, ताणून, भिजवून पाहावयाचे आणि मग त्यातून काय होईल हे ठरवावयाचे. या रीतीने घेतलेल्या तासाला मूल्यमापनही निराळे लागते. वस्तू किती सुबक झाली यापेक्षा मुलाने साहित्याचा कोणता गुण शोधला, हे पाहावे लागते.

भिंतीवरून कागदावर

तिसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील वारली समाजात लग्नप्रसंगी सुवासिनी घराच्या भिंतीवर चौक लिहितात. त्यात पालघट देवीची स्थापना असते. भिंत कुडाची, तिच्यावर माती व शेणाचे सारवण आणि त्यावर गेरू. रंग एकच, पांढरा, तोही तांदळाच्या पिठाचा. लेखणी म्हणजे टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन या तीन आकारांत सारे जग बसविलेले. हे चित्र विकण्यासाठी नव्हते आणि टिकविण्यासाठीही नव्हते. पुढल्या सारवणाबरोबर ते पुसले जाई.

१९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ते मधुबनीला गेले होते. तेथे भिंतीवर चित्रे काढणाऱ्या स्त्रियांना त्यांनी कागद पुरविला आणि त्या चित्रांतून कुटुंबांना उत्पन्नाचे साधन मिळाले. वारली पाड्यांवरही त्यांनी तेच केले. डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरात त्यांना जिव्या सोमा मशे हे चित्रकार भेटले. मशे लग्नप्रसंगाची वाट न पाहता रोज चित्रे काढीत. कागद हाती आल्यावर त्यांच्या चित्रांत मासेमारीची जाळी, मुंग्यांची वारुळे, पेरणी, तारपा नृत्य अशा विषयांचा विस्तार झाला. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते निवर्तले.

भिंतीचे चित्र कागदावर आले तेव्हा तीन बदल झाले. पहिला बदल साहित्याचा. तांदळाचे पीठ कागदावर नीट धरत नाही, म्हणून डिंक मिसळणे आले व पुढे तयार पांढरा रंग आला. दुसरा बदल हातांचा. जे काम सुवासिनींचे होते त्यात पुरुष आले आणि बाजारात बहुधा त्यांचीच नावे पुढे आली. तिसरा बदल हक्काचा. समाजाच्या मालकीचे चित्र आता कपांवर, चादरींवर, शासकीय इमारतींच्या कुंपणांवर कोणीही रंगवू लागले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाचा कागद कपाटात ठेवून भिंत रंगविण्याचे काम शहरातील कंत्राटदाराला दिले तर त्या मानांकनाचा उपयोग काय? पंचायत समितीची किंवा शाळेची भिंत वारली पद्धतीने रंगवावयाची असेल तर ते काम वारली चित्रकारांना, त्यांतही स्त्रियांना, त्यांच्या दराने द्यावे. एवढा निर्णय कोणत्याही कार्यालयाच्या अधिकारात असतो.

साहित्य फुकट, श्रम नव्हेत

या कलेविषयी एक गैरसमज फार रुजलेला आहे. साहित्य फुकट मिळते, तेव्हा वस्तूही स्वस्त असावी असे ग्राहक धरून चालतो आणि कधीकधी प्रदर्शन भरविणारे अधिकारीही. समजा, एका बाईने चिंध्यांची एक बाहुली केली. चिंध्या शिंप्याकडून विनामूल्य आल्या. पण त्या धुणे, वाळविणे, रंगाप्रमाणे निवडणे, बाहुली शिवणे व भरणे यात तिचा पूर्ण दिवस गेला. त्या बाहुलीची किंमत एका दिवसाच्या मजुरीहून कमी ठरविली तर त्या बाईने रोजंदारीवर जाणे अधिक शहाणपणाचे ठरेल आणि ती तसेच करील. टाकाऊ साहित्याच्या कलेत निवडणे व स्वच्छ करणे हेच सर्वांत वेळखाऊ काम असते. ते खर्चाच्या पत्रकात धरले जात नाही. बचतगटांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी हा हिशेब प्रथम शिकवावा.

नोंदीचाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत सुतार, लोहार, कुंभार आहेत, टोपल्या विणणारे आहेत, बाहुल्या व खेळणी करणारेही आहेत. टाकाऊ वस्तूंतून नवे काही घडविणारा कारागीर यांपैकी एखाद्या वर्गात बसू शकतो. पण तो आपण होऊन अर्ज करील हे संभवत नाही, कारण तो स्वतःला कारागीर समजतच नाही. गावपातळीवरील सेवकाने त्याचे काम पाहून त्याला योग्य वर्ग सुचविला पाहिजे.

काय करता येईल

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना पुढे येतात. त्यांना वेगळ्या निधीची फारशी गरज नाही.

शिक्षकांनी वर्गात एक पेटी ठेवावी. तीत झाकणे, काड्या, दोऱ्याची रिळे, पुठ्ठे असे एकजातीय साहित्य वर्षभर साठवावे. वेगवेगळ्या दहा वस्तूंपेक्षा एकाच प्रकारच्या शंभर वस्तू अधिक कामाच्या, हा नेकचंद यांचा धडा येथे लागू पडतो. उपक्रमासाठी पालकांनी काहीही विकत आणू नये, असे स्पष्ट सांगावे.

ग्रामपंचायतींनी सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाची जी शेड उभारली असेल तिच्या एका कोपऱ्यात कापड, काच, धातू व लाकूड यांचे निवडलेले साठे ठेवावेत आणि गावातील शाळा, बचतगट व कारागीर यांना ते उचलण्याची मुभा द्यावी. कचरा वेचणाऱ्या व्यक्तींना यात सामील करून घ्यावे. वस्तूंची पारख त्यांना सर्वांत अधिक असते. दिलेल्या साहित्याची वहीत नोंद ठेवावी आणि निवडणाऱ्याला मोबदला द्यावा.

अधिकाऱ्यांनी आपल्या क्षेत्रात असे एखादे काम आढळल्यास प्रथम ते स्वतः जाऊन पाहावे. त्याची छायाचित्रे, मोजमाप व करणाऱ्याचे म्हणणे टिपणीसोबत जोडावे. ते काम नियमाच्या चौकटीत आणण्याचा एखादा मार्ग आहे काय, याचा विचार टिपणीत असावा. पाडणे हा पर्याय नेहमीच हाताशी असतो, परंतु तो एकदा वापरला की उलटविता येत नाही.

येथे सावधगिरीचे दोन शब्दही आवश्यक आहेत. प्रत्येक टाकाऊ वस्तू हस्तकलेच्या योग्यतेची नसते. नादुरुस्त ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, निकामी विद्युत्घटांत विषारी द्रव्ये असतात, दवाखान्यातील कचरा तर हातानेही लावू नये. रंगाचे व कीटकनाशकांचे रिकामे डबे मुलांच्या हाती देऊ नयेत. फुटकी काच व पत्रा यांचे काम मोठ्यांनी, जाड हातमोजे घालून करावे. सिमेंटनेही कातडी भाजते. नेकचंद रात्री जुने टायर जाळून त्यांच्या उजेडात काम करीत असे सांगतात. त्यांच्या निष्ठेचे अनुकरण करावे, त्या धुराचे करू नये.

समारोप

तिन्ही उदाहरणे एकत्र पाहिली तर त्यांत एक साम्य दिसते. प्रत्येक ठिकाणी योग्य वेळी यंत्रणेतील कोणीतरी थांबून पाहिले. चंदीगडमध्ये अधिकाऱ्यांनी अतिक्रमणात कला पाहिली. होशंगाबादच्या शाळांत शिक्षकांनी काडीत भूमिती पाहिली. गंजाडला एका चित्रकाराने पुसल्या जाणाऱ्या चित्राला कागद दिला. त्याच उदाहरणांत जेथे पाहणे थांबले तेथे नुकसानही झाले, हेही आपण पाहिले.

आपल्या जिल्ह्यात, आपल्या गावात आज कोणीतरी मोडक्या वस्तू साठवीत असेल आणि शेजारी त्याला वेडा म्हणत असतील. त्याच्या अंगणातील ढीग उचलण्याची नोटीस काढण्यापूर्वी तलाठी, ग्रामसेवक, सरपंच अथवा मुख्याध्यापक यांपैकी एकाने त्याच्याकडे जाऊन, या साठ्यातून काय करावयाचे मनात आहे, एवढे विचारावे. बहुतेक वेळा तो केवळ ढीगच निघेल. एखाद्या वेळी तो ढीग नसेल; आणि त्या एका वेळेसाठी हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारणे योग्य ठरेल.